सिग्नल जनरेटरची शक्ती आणि मांडणीतील घट : स्वयंचलित कॅलिब्रेशनचा आढावा

रेडिओ वारंवारतेच्या कोणत्याही चाचणीत सिग्नल जनरेटरच्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि चाचणीखालील उपकरणाच्या कनेक्टरवर प्रत्यक्ष पोचणारी शक्ती या दोन वेगळ्या राशी असतात. जनरेटरचा निर्माता अचूकतेची हमी देतो ती त्या यंत्राच्या स्वतःच्या निर्गम सॉकेटपुरती; त्यापुढे केबल, अडॅप्टर, स्विच, सिग्नल एकत्र करणारा कंबाइनर आणि कधी विवर्धक असे जे जे जोडले जाते, ते प्रत्येक या शक्तीत आपापला फेरफार करते. या सगळ्या फेरफारांची बेरीज म्हणजे मांडणीतील घट होय. ती एकदा मोजून कागदावर तक्ता करायचा आणि प्रत्येक वारंवारतेला जनरेटरचा आकडा हाताने तेवढा वाढवायचा, ही रीत दीर्घकाळ चालत आली; आज तेच काम संगणकाची आज्ञावली काही मिनिटांत करते. प्रस्तुत लेखात या घटीचे घटक, तिची स्वयंचलित भरपाई करण्याच्या रीती, महाराष्ट्रातील मापनव्यवहारात या प्रश्नाला येणारी वेगवेगळी रूपे आणि स्वयंचलनाच्या मर्यादा यांचा क्रमाने विचार केला आहे.

विवेचनात पुढे येणारी दोन एकके आधी स्पष्ट केलेली बरी. डेसिबल हे दोन शक्तींच्या गुणोत्तराचे लॉगरिथमी माप असून ३ डेसिबलची घट म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी होणे आणि १० डेसिबलची घट म्हणजे ती एक दशांश होणे. एक मिलिवॅट ही शक्ती आधार धरून मोजलेल्या डेसिबलला डीबीएम म्हणतात. ० डीबीएम म्हणजे नेमकी १ मिलिवॅट. घट डेसिबलमध्ये मांडली की एकामागे एक जोडलेल्या घटकांची घट नुसत्या बेरजेने मिळते, आणि भरपाईची सारी स्वयंचलित व्यवस्था मुळात याच सोयीवर उभी आहे.

घटीचे घटक

सर्वांत परिचित घट केबलची. समाक्ष केबलमधील विद्युतप्रवाह वारंवारता वाढेल तसा वाहकाच्या पृष्ठभागाशी अधिकाधिक पातळ थरात एकवटतो, त्यामुळे रोध वाढतो आणि वाहकामुळे होणारी डेसिबलमधील घट वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत जाते. म्हणजे वारंवारता चौपट झाली की ही घट दुप्पट होते. विद्युतरोधक पदार्थात होणारी घट मात्र वारंवारतेच्या सरळ प्रमाणात वाढत असल्याने उच्च वारंवारतांना तिचा वाटा ठळक होतो. प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी आरजी-५८ जातीची केबल १ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण अर्धा ते पाऊण डेसिबल खाते, तर जाड आणि कमी घटीची एलएमआर-४०० केबल ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे ०.१३ डेसिबल. यावरून घटीला एकच आकडा कधीच पुरत नाही आणि ती वारंवारतेनुसार बदलणारी वक्ररेषा म्हणूनच हाताळावी लागते, हे स्पष्ट होते.

दुसरा घटक परावर्तनाचा. स्रोत, केबल आणि उपकरण या तिघांचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, ५० ओहम इतका समान असेल तरच शक्ती पूर्णपणे पुढे जाते. तो जुळत नसेल तर काही लहर मागे फिरते, स्रोताकडून पुन्हा परावर्तित होते आणि मूळ लहरीत मिसळून शक्ती कधी वाढवते, कधी घटवते. हा परिणाम लहरींच्या कलांवर, म्हणजेच केबलच्या लांबीवर आणि वारंवारतेवर, अवलंबून असल्याने त्याची दिशा आधी सांगता येत नाही. केबलची घट स्थिर आणि वजा करता येण्याजोगी असते. संरोधाच्या विजोडामुळे येणारी चूक तशी नसते, आणि या दोहोंतला भेद पुढील सर्व चर्चेचा पाया आहे.

तिसरा घटक यांत्रिक आहे. कनेक्टर कमीजास्त घट्ट बसणे, त्याच्या मधल्या टाचणीवरील झीज, केबल वाकवल्याने बदलणारी तिची अंतर्गत भूमिती आणि खोलीचे तापमान यांमुळे तीच मांडणी दुसऱ्या दिवशी किंचित वेगळा आकडा देते. म्हणून जाणत्या प्रयोगशाळांत कनेक्टर टॉर्क पान्याने ठरावीक जोरानेच आवळले जातात आणि कॅलिब्रेशन झालेली केबल शक्यतो जागची हलवली जात नाही.

प्रमाणाची साखळी

घट मोजायची तर मोजणारे साधन विश्वासार्ह हवे. उष्णतेवर आधारित सेन्सर रेडिओ शक्तीचे उष्णतेत रूपांतर करून ती मोजतात. त्यांपैकी थर्मिस्टर प्रकारात रेडिओ शक्तीने दिलेली उष्णता तितक्याच उष्णतेच्या एकदिश शक्तीने बदलून पाहता येते. म्हणून प्रमाण-प्रयोगशाळांत त्याला मान आहे. थर्मोकपल सेन्सर साधारण उणे ३५ डीबीएमपर्यंत चालतात, तर डायोड सेन्सर उणे ७० डीबीएमच्या आसपासची क्षीण शक्तीही ओळखतात. मात्र मोठ्या शक्तीला डायोडचे वर्तन बदलत असल्याने त्यांना अंतर्गत दुरुस्ती लागते. प्रत्येक सेन्सरसोबत वारंवारतेनुसार कॅलिब्रेशन गुणकांचा तक्ता येतो आणि मोजणीआधी सेन्सर शून्यावर आणावा लागतो.

भारतात या साखळीचे वरचे टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. त्याखाली मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळांचा थर असून एनएबीएल ही संस्था त्यांना आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार मान्यता देते. मुंबईत केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी यंत्रणेची अंधेरीतील प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा, चुनाभट्टीतील आयडेमी ही मापनयंत्रांची संस्था आणि पवईच्या आयआयटी परिसरात १९८४ पासून स्वतंत्रपणे काम करणारी समीर ही सूक्ष्मतरंग संशोधन संस्था, यांमुळे या विषयातील जाणकारी राज्यात दीर्घकाळ रुजलेली आहे. कारखान्यातील जनरेटरला कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मिळाले तरी ते त्याच्या सॉकेटपुरतेच असते, आणि तिथून उपकरणापर्यंतचा शेवटचा टप्पा ज्याने त्याने आपल्या मांडणीत सिद्ध करायचा असतो. स्वयंचलित भरपाई हा याच शेवटच्या टप्प्याचा विषय आहे.

स्वयंचलनाच्या तीन रीती

संगणकाने मापनयंत्रे चालवण्याची वाट १९७५ साली आयईईई-४८८ या मानकाने मोकळी केली आणि १९९० साली आलेल्या एससीपीआय या आज्ञाभाषेने वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना बऱ्याच अंशी समान आज्ञा देता येऊ लागल्या. आज पायथनसारख्या भाषेतील छोटी आज्ञावली यूएसबी किंवा लॅन जोडणीवरून जनरेटर आणि पॉवर मीटर दोन्ही चालवू शकते. शिवाय अनेक जनरेटरांना सेन्सर थेट जोडून दुरुस्तीचा तक्ता यंत्रातच साठवण्याची सोय असते. साधने कोणतीही असली तरी रीती मुख्यतः तीन आहेत.

पहिली रीत तक्त्याची. नेटवर्क अ‍ॅनालायझरने किंवा पॉवर मीटरने मांडणीची घट प्रत्येक वारंवारतेला एकदा मोजून ठेवली जाते, आणि चाचणीच्या वेळी आज्ञावली हव्या असलेल्या शक्तीत ती घट मिळवून जनरेटरला आकडा देते. दोन नोंदींच्या मधल्या वारंवारतेसाठी अंतर्वेशन, म्हणजे शेजारच्या नोंदींवरून मधली किंमत काढणे, वापरले जाते. ही रीत वेगवान असून केबल आणि अटेन्युएटर यांसारख्या निष्क्रिय घटकांना पुरेशी आहे. कारण त्यांची घट शक्तीच्या पातळीवर अवलंबून नसते आणि ० डीबीएमला मोजलेली घट उणे १०० डीबीएमलाही लागू पडते.

दुसरी रीत पुनरावृत्तीची. ज्या ठिकाणी उपकरण जोडायचे तिथेच सेन्सर लावला जातो. हे ठिकाण म्हणजे संदर्भ-प्रतल. आज्ञावली आधी अंदाजी शक्ती देते, स्थिरावण्यासाठी थांबते, सेन्सरचे वाचन घेते, अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील फरक जनरेटरच्या आकड्यात मिळवते आणि फरक ठरलेल्या मर्यादेत, समजा ०.१ डेसिबलच्या आत, येईपर्यंत हेच पुन्हा करते. मार्गात विवर्धक असेल तेव्हा ही रीत अपरिहार्य ठरते; विवर्धक त्याच्या कमाल शक्तीजवळ गेला की त्याची वाढ करण्याची क्षमता घसरते, त्यामुळे कमी पातळीवर मोजलेला तक्ता तिथे खोटा पडतो. अशा आज्ञावलीत दोन अटी आधीच लिहिलेल्या असाव्या लागतात : जनरेटरला कोणत्याही परिस्थितीत ओलांडू न द्यायची कमाल शक्ती आणि पुनरावृत्तींची कमाल संख्या. पहिली अट नसेल आणि सेन्सरची जोडणी सुटली असेल तर आज्ञावली शून्य वाचनाकडे पाहून शक्ती वाढवतच नेते आणि महागडा विवर्धक किंवा सेन्सर जळतो.

तिसरी रीत सततच्या नियंत्रणाची. मार्गात डायरेक्शनल कपलर किंवा स्प्लिटर बसवून पुढे जाणाऱ्या शक्तीचा ठरावीक अंश चाचणी चालू असतानाच मोजला जातो आणि त्यावरून जनरेटर सावरला जातो. तापमानामुळे विवर्धकात होणारे बदलही यात पकडले जातात. येथे नवख्या तंत्रज्ञाची हमखास गफलत होते ती स्प्लिटरच्या निवडीत : शक्ती समपातळीत राखण्यासाठी दोन रोधांचा स्प्लिटर लागतो, तर शक्ती नुसती वाटून देण्यासाठी तीन रोधांचा विभाजक, दोन्ही दिसायला सारखे असले तरी स्रोताच्या परिणामी संरोधाच्या दृष्टीने त्यांची वागणूक वेगळी असते.

महाराष्ट्रातील तीन रूपे

या प्रश्नाचे औद्योगिकदृष्ट्या सर्वांत वजनदार रूप पुण्याच्या वाहनचाचणीत दिसते. १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत वाहनांच्या विद्युतचुंबकीय सुसंगतीच्या, म्हणजे बाहेरील रेडिओ लहरींनी वाहनातील इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बिघडत नाही ना याच्या, चाचण्या होतात. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१० नियमात संपूर्ण वाहनाच्या प्रतिकारक्षमतेसाठी २० ते २००० मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या ९० टक्क्यांहून अधिक भागात ३० व्होल्ट प्रति मीटर आणि संपूर्ण पट्ट्यात किमान २५ व्होल्ट प्रति मीटर इतकी क्षेत्रतीव्रता सांगितली आहे. प्रतिस्थापन पद्धतीत आधी वाहन नसताना क्षेत्रमापकाने हवी ती तीव्रता मिळेपर्यंत शक्ती वाढवली जाते, प्रत्येक वारंवारतेला लागलेल्या पुढे जाणाऱ्या शक्तीची नोंद ठेवली जाते आणि मग वाहन आणून तीच शक्ती पुन्हा दिली जाते. कॅलिब्रेशननंतर कपलरच्या पुढील केबल बदलली गेली आणि २ डेसिबलची जादा घट नोंदीबाहेर राहिली तर ३० व्होल्ट प्रति मीटरऐवजी वाहनावर सुमारे २३.८ व्होल्ट प्रति मीटर इतकेच क्षेत्र पडते, म्हणजे चाचणी किमान मर्यादेच्याही खाली जाते आणि वाहन मात्र उत्तीर्ण ठरते. उपकरणांच्या चाचणीसाठी असलेल्या आयईसी ६१०००-४-३ या मानकात सिग्नलला ८० टक्के मॉड्युलेशन असते; त्यात शिखराची शक्ती मूळ लहरीपेक्षा ५.१ डेसिबलने जास्त होत असल्याने विवर्धक तेवढ्या पातळीलाही दबत नाही ना, हे कॅलिब्रेशनच्याच वेळी तपासावे लागते.

दुसरे रूप नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे, म्हणजे जीएमआरटीचे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्यांचे सिग्नल वेगवेगळ्या लांबीच्या प्रकाशीय तंतूंनी मध्यवर्ती इमारतीत येतात. येथे मार्गातील प्रत्येक घटकाची घट सुटी मोजून बेरीज करणे व्यवहार्य नाही. त्याऐवजी अँटेनेशीच ज्ञात पातळीचा गोंगाट स्वीकारयंत्रात सोडला जातो आणि निरीक्षणादरम्यान ३सी ४८, ३सी १४७, ३सी २८६ अशा ज्ञात तीव्रतेच्या रेडिओ स्रोतांकडे दुर्बीण वळवून संपूर्ण मार्गाचा एकत्रित गुणक काढला जातो. खोडदच्या पद्धतीतून प्रयोगशाळेने घेण्याजोगे तत्त्व असे की भरपाईसाठी मार्गाचे तपशील माहीत असण्याची गरज नसते, मार्गाच्या टोकाला एक विश्वासार्ह ज्ञात राशी असण्याची गरज असते.

तिसरे रूप साधे, पण व्यापक. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थळ असून बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, आणि रामनवमीच्या यात्रेला तिथे देशभरातून भाविक येतात. अशा गर्दीत बंदोबस्ताचे दळणवळण मोबाइलवर सोडता येत नाही, कारण हजारो फोन एकाच वेळी चालू झाले की मोबाइलचे जाळे तुंबते. तिथे हातातल्या बिनतारी संचाचे मोल कळते. असा संच किती क्षीण सिग्नल ऐकू शकतो ते दुरुस्तीच्या बाकावर सिग्नल जनरेटरनेच तपासले जाते. चांगल्या अतिउच्च वारंवारता संचाची संवेदनशीलता ०.२५ मायक्रोव्होल्टच्या आसपास असते. ५० ओहममध्ये ही शक्ती उणे ११९ डीबीएम भरते. आता बाकावरील मांडणीत तीन रोधांचा विभाजक असेल तर त्यात ६ डेसिबल जातात. ही घट विचारात घेतली नाही तर धडधाकट संचालाही जनरेटरवर ०.५ मायक्रोव्होल्ट दाखवावे लागतात आणि तो निष्कारण दुरुस्तीला जातो. उलट तीच ६ डेसिबलची दुरुस्ती जनरेटरच्या सेटिंगमध्ये एकदा आणि आज्ञावलीत पुन्हा एकदा घातली गेली तर संचाला नोंदीपेक्षा ६ डेसिबल जास्त शक्ती मिळते, बहिरा झालेला संच उत्तीर्ण होतो आणि यात्रेच्या दिवशी नेमक्या दूरच्या टोकावर संदेश ऐकू येत नाही. काही जनरेटर भार न जोडता मिळणारे व्होल्ट दाखवतात, जे जुळलेल्या भारावरील व्होल्टच्या दुप्पट असतात. तिथेही नेमका ६ डेसिबलचाच घोटाळा दडलेला असतो.

याच उदाहरणात आणखी एक मर्यादा दिसते. उणे ११९ डीबीएम ही शक्ती कोणताही सामान्य पॉवर सेन्सर मोजू शकत नाही. म्हणून घट ० डीबीएमच्या आसपास मोजली जाते आणि खालच्या पातळीसाठी जनरेटरच्या अंतर्गत अटेन्युएटरच्या अचूकतेवर विसंबावे लागते. ती अचूकता तपासायची तर मापक स्वीकारयंत्र असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडेच जावे लागते.

स्वयंचलनाच्या मर्यादा

पुनरावृत्तीची आज्ञावली ०.१ डेसिबलच्या मर्यादेत स्थिरावली की शक्ती तेवढीच अचूक झाली असा समज सर्वत्र आढळतो, आणि तो चुकीचा आहे. हे एका उदाहरणाने तपासता येईल. मांडणीचा शेवट आणि उपकरण या दोहोंचा परावर्तन गुणांक ०.२ धरला, म्हणजे स्थिरलहर गुणोत्तर १.५, तर विजोडामुळे शक्ती अधिक ०.३४ ते उणे ०.३५ डेसिबल इतकी हलू शकते. या चुकीच्या सांख्यिकी वितरणाचा आकार लक्षात घेता तिची प्रमाण अनिश्चितता सुमारे ०.२४ डेसिबल येते. सेन्सरची ०.१, कनेक्टरच्या पुनर्जोडणीची ०.०५ आणि आज्ञावलीच्या मर्यादेची सुमारे ०.०६ डेसिबल धरून या सर्वांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले तर ०.२७, आणि ९५ टक्के विश्वासपातळीसाठी दुप्पट करता ०.५४ डेसिबल मिळतात. आज्ञावलीची मर्यादा ०.१ वरून ०.०१ डेसिबल केली तरी या बेरजेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. याउलट केबलच्या टोकाला ६ डेसिबलचा चांगल्या प्रतीचा स्थिर अटेन्युएटर लावला तर परावर्तित लहर जाता-येता १२ डेसिबलने क्षीण होते, मांडणीचा परावर्तन गुणांक ०.२ वरून ०.०५ वर येतो, विजोडाची मर्यादा ०.०९ डेसिबलच्या आत जाते आणि एकूण अनिश्चितता जवळपास निम्मी, ०.२८ डेसिबल होते. अटेन्युएटरने खाल्लेले ६ डेसिबल आज्ञावली सहज भरून काढते. विजोड मात्र तिला कधीच भरून काढता येत नाही.

दुसरी मर्यादा अंतर्वेशनाची. गाळणी किंवा खराब जोडणी असलेल्या मार्गाची घट काही वारंवारतांना अचानक वरखाली होते, आणि तक्त्यातील नोंदी विरळ असतील तर हे खड्डे निसटतात. तिसरी मर्यादा विस्मरणाची : स्वयंचलित तक्ता एकदा यंत्रात साठवला की तो कोणत्या केबलसाठी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या सेन्सरने केला होता हे लोक विसरतात, केबल बदलते आणि तक्ता तसाच राहतो. हाताने तक्ता लिहिणारा तंत्रज्ञ निदान आकड्याकडे पाहत असे आणि नेहमीपेक्षा वेगळी घट दिसली तर थबकत असे. आज्ञावलीला तशी शंका येत नाही, ती शंका तिच्यात अटीच्या रूपाने लिहावी लागते.

निष्कर्ष

स्वयंचलित भरपाई वेळ वाचवते, आकडेमोडीतील मानवी चुका टाळते आणि शेकडो वारंवारतांची मोजणी नेमकी त्याच पद्धतीने पुन्हा करून देते, याबद्दल वाद नाही. परंतु ती स्थिर घटच भरून काढते. संदर्भ-प्रतल कुठे धरायचे, तिथला विजोड कसा कमी करायचा आणि विवर्धक कोणत्या पातळीला तपासायचा हे निर्णय मांडणी करणाऱ्यानेच घ्यायचे असतात, आणि अंतिम अचूकता मुख्यतः त्यांच्यावर ठरते. निष्क्रिय मार्ग असलेल्या लहान प्रयोगशाळेला तक्त्याची रीत पुरते. विवर्धक असलेल्या मांडणीला पुनरावृत्तीची रीत हवी. दीर्घकाळ चालणाऱ्या उच्चशक्ती चाचणीला सततचे नियंत्रण हवे. तिन्हींत मांडणीच्या टोकाला अटेन्युएटर लावता येत असेल तर तो आधी लावावा आणि आज्ञावलीची मर्यादा नंतर घट्ट करावी. दुरुस्तीच्या प्रत्येक तक्त्यावर केबलचा क्रमांक, तारीख, सेन्सरचा क्रमांक, तापमान आणि अनिश्चितता नोंदलेली असावी, दुरुस्ती एकाच ठिकाणी घातलेली असावी, आणि तक्ता वापरण्यापूर्वी निदान तीन वारंवारतांना स्वतंत्र सेन्सरने पडताळा घेतलेला असावा. ज्या तक्त्यावर या नोंदी नाहीत तो यंत्रात साठवलेला असला तरी वापरू नये.